चुऱ्याची घंटा

भांडण सुरू झालं ते दोरीवरून. दोरी वाव-दीड वाव लांब, मधे मधे गाठी मारलेली, वरच्या टोकाला पितळी घंटा आणि खालच्या टोकाला एकीकडून सासरा, दुसरीकडून सून. दोघांनी दोरी घट्ट धरलेली. दुपारचे साडेतीन वाजलेले. ऊन असं की सावली भिंतीला चिकटून बसली होती आणि सुटायचं नाव घेत नव्हती.

"सोड," मालक म्हणाले. "तीस वर्षं मी वाजवतोय."

"म्हणूनच सोडत नाही, मामंजी," सूनबाई म्हणाली.

मी हातगाडीच्या दांड्यावर बसून बघत होतो. बघणं हे माझं निम्मं काम, उरलेलं निम्मं म्हणजे बर्फ वाहणं. गाव मला थापाड्या म्हणतं. म्हणो बापडं. पण आज सांगतो त्यातल्या बारा आणे गोष्टी खऱ्या आहेत, आणि चार आणे कुठल्या ते तुमचं तुम्ही ओळखायचं.

आमच्या गावाच्या वेशीला बर्फाचा कारखाना आहे. कारखाना म्हणायचं आपलं, नाहीतर एक लांबडी पत्र्याची शेड, तिच्यात मिठाच्या पाण्याची मोठी टाकी, टाकीत ओळीने बुडवलेले लोखंडी डबे, आणि शेजारच्या खोलीत धापा टाकणारं मशीन. डब्यात पाणी भरायचं, टाकीत सोडायचं, दुसऱ्या दिवशी पुरुषभर उंचीची लादी काढायची. भाजीवाले, फुलवाले, तलावावरचे मासेवाले सगळे इथूनच बर्फ नेत. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे दुधाची डेअरी. तिच्या दोन गाड्या रोज पहाटे भरून जात. पूर्वी तर बर्फ इतका गार पडायचा की एकदा माझी शिंक अर्ध्यावर गोठली आणि संध्याकाळी घरी जाऊन शेकल्यावर पूर्ण झाली. हा चार आण्यातला भाग.

लाद्या काढताना, फोडताना कडेचे तुकडे पडतात, तो चुरा. मालक रोज साडेतीनला घंटा वाजवायचे आणि चुरा अर्ध्याहून कमी भावात विकायचे. घंटा वाजली की गाव पातेली, बादल्या, डबे घेऊन फाटकाकडे धावायचं. तीस वर्षं. ज्या पोरांनी ती घंटा ऐकत रांगायला सुरुवात केली, त्यांची पोरं आता रांगेत भांडत होती. सगळ्यात पुढे असायची ती पातेलीआजी. तिचं खरं नाव तिलाच आठवत नसावं. हातभर रुंदीचं पितळी पातेलं कमरेवर घेऊन ती घंटेचा पहिला टोला विरायच्या आत फाटकाशी हजर. तिचं घर फाटकापासून शंभर पावलांवर, आणि वय ऐंशीच्या पुढे. ती घंटा ऐकून निघते की तिला निघालेली बघून मालक घंटा वाजवतात, यावर गावात दोन तट होते.

आता सूनबाईचं म्हणणं ऐका. ते मशीन धापा टाकतं ते अमोनियाच्या जोरावर. नळ्यांमधून तो गॅस फिरतो म्हणून पाण्याचा बर्फ होतो. नळीतला गॅस नळीत आहे तोवर ठीक. बाहेर आला तर डोळे जातात, छाती जळते, आणि जास्त आला तर माणूस जातो. सूनबाईच्या माहेरी बटाट्याच्या शीतगृहात असाच गॅस सुटला होता. लोक पळाले नाहीत. काय झालं ते बघायला शीतगृहाकडे धावले. तिचा थोरला भाऊ त्यात पुढे होता. आज तो भिंतीला हात लावत घरातल्या घरात फिरतो.

"तिथे लोक नुसते बघायला धावले," ती दोरी न सोडता म्हणाली. "इथे तर आपण तीस वर्षं शिकवलंय, घंटा वाजली की कारखान्याकडे या म्हणून. उद्या गॅस सुटला आणि कुणी घाबरून घंटा वाजवली, तर गाव पातेली घेऊन मरायला येईल."

 मालक म्हणाले, की त्यांच्या कारखान्यात तीस वर्षांत गॅस सुटला नाही आणि सुटणारही नाही. पण दोरीवरचा हात सैल झाला होता, हे मी बघितलं.

तिला काय हवं होतं ते तिने त्या दिवशी जेवणाआधी सांगून टाकलं. घंटा फक्त धोक्याची. चुऱ्याला घंटा बंद. चुरा हातगाडीवर घालून दारोदार फुकट वाटायचा, म्हणजे कुणी फाटकाकडे यायलाच नको. शेडवर काठीला लाल फडकं बांधायचं, वारा कुठे वाहतोय ते दिसायला. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी घंटा वाजवून गावाला सवय करायची. आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे शेजाऱ्यांना आत बोलावून मशीन दाखवायचं, यात काय आहे आणि ते सुटलं तर काय होतं ते खरं खरं सांगायचं.

मालकांना फुकटाचं एवढं लागलं नाही जेवढं खऱ्याचं लागलं. आपल्या घरात विष आहे हे आपणच दवंडी पिटून सांगायचं, असा धंदा त्यांनी बघितला नव्हता. लोक कारखाना बंद करायला लावतील. आधीच मोठ्या रस्त्यावर नवा, चकचकीत बर्फाचा कारखाना उभा राहिला होता आणि त्या कारखान्याचा दलाल आठवड्यातून दोनदा येऊन मालकांच्या ओसरीवर बसत होता. त्याला गाव साखऱ्या म्हणायचं. बोलायला लागला की मुंग्या जमाव्यात असा माणूस. त्याने कागद आणून ठेवला होता. मालकांनी सही केली की कारखाना रस्तावाल्यांचा, मशीन भंगारात आणि शेडचं गोदाम.

शेवटी तडजोड झाली. पावसाळा लागेपर्यंत सूनबाईच्या म्हणण्याप्रमाणे करायचं. तोवर डेअरीचं गिऱ्हाईक तुटलं तर मालक कागदावर सही करणार आणि तिने एक शब्द बोलायचा नाही. तिचा नवरा गाडीवर बर्फ घालून सकाळी बाजाराला जायचा तो संध्याकाळी यायचा. तो दोघांचंही ऐकून हो म्हणाला आणि जेवायला बसला.

सूनबाईने मागच्या आळीची बावीस घरं एकेक करून मशीनच्या खोलीत आणली. मागची आळी म्हणजे शेडच्या पाठीला लागून असलेली. तिने काही लपवलं नाही. बाटलीत थेंबभर अमोनियाचं पाणी घेऊन तिने सगळ्यांना दुरून वास दिला. तो वास नाकात गेला की गेल्या वर्षीचं राहिलेलं रडू बाहेर येतं. शिंपी रडला, शिंप्याची बायको रडली, आणि बाहेर आल्यावर दोघं मिळून भांडायला उठले. इतकी वर्षं आम्हाला सांगितलं का नाही, असं सगळी आळी विचारू लागली. बैठक बसली. साखऱ्या बैठकीच्या कडेला उभा राहून कुणाकुणाच्या कानाशी लागत होता. बंद करा असं म्हणणारे जवळजवळ निम्मे निघाले.

मालक माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, "बघितलंस? झालं समाधान?" जसं काही मीच हे सगळं मांडलं होतं.

सूनबाई बैठकीत एवढंच म्हणाली, "बंद करायचा तर करा. पण बंद होईपर्यंत घंटा वाजली की काय करायचं तेवढं शिकून घ्या. तेवढं माझं ऐका."

 बंद करायचा कागद कोण लिहिणार यावर वाद होऊन बैठक उठली.

दुसऱ्या दिवसापासून माझी हातगाडी दारोदार फिरू लागली. वर गोणपाट, खाली लाकडाचा भुसा, मधे चुरा. दर दारात थांबायचं, चुरा घालायचा आणि तोंडाने सांगायचं: घंटा वाजली की हातातलं काम टाकायचं, फडकं ओलं करून नाकाला धरायचं, वर लाल फडकं बघायचं, ते जिकडे उडतंय तिकडे जायचं नाही, वाऱ्याला आडवं निघून फाटकापुढच्या वडाखालच्या मोकळ्या वावरात जमायचं. वारा फाटकाकडेच असला तर तळ्यावर. मी हे सांगायचो आणि लोक हसायचे. माझ्या तोंडून आलेली गोष्ट खरी असू शकते ही कल्पनाच कुणाला करता येत नव्हती. शिंपी म्हणाला, शिंक गोठल्याची गोष्ट जास्त चांगली होती, ती सांग.

पण दारोदार फिरून एक झालं. कुठल्या घरात कोण आहे ते मला आणि माझ्याकडून सूनबाईला कळलं. शिंप्याचा म्हातारा बाप अंथरुणाला खिळलेला, शेवटच्या घरातली बाई ठार बहिरी, कुंभाराकडे महिन्याचं मूल. तिने ते भिंतीवर खडूने लिहून ठेवलं. मालक जाता येता ते वाचायचे आणि खाकरायचे.

पहिल्या महिन्याच्या सोमवारी घंटा वाजली. गाव धावलं, पातेली घेऊन, थेट फाटकाकडे. पातेलीआजी सगळ्यात पुढे. सूनबाई फाटकात हात आडवे करून उभी होती. तिचा चेहरा मी विसरणार नाही. आजी म्हणाली, चुरा कुठंय. मालक खुर्चीवर बसून पान उलटत होते, पण वर्तमानपत्र उलटं होतं.

दुसऱ्या महिन्याच्या सोमवारी निम्मे आले, निम्मे वावरात गेले. आजी फाटकात. तिसऱ्या महिन्याच्या सोमवारी तीन-चारच चुकले, आणि आजी. तिला सूनबाईने स्वतः घरी जाऊन चार वेळा समजावलं होतं. आजी मान डोलवायची, ओलं फडकं, वारा, सगळं पाठ म्हणून दाखवायची आणि घंटा वाजली की पातेलं घेऊन निघायची. पाय ऐकत नाहीत ग, असं म्हणायची.

चौथ्या महिन्याचा सोमवार यायचा होता. त्याआधीच्या बुधवारी ते झालं.

मशीनला तेल लागतं. थोडं तेल गॅसबरोबर वाहत जाऊन गॅसच्या टाकीच्या बुडाशी साचतं. ते दर आठ दिवसांनी तोटी उघडून बादलीत काढावं लागतं. तोटी बोटभर उघडायची, काळं तेल पडू द्यायचं, फेस दिसला की झट बंद करायची, कारण तेलाच्या मागे गॅस उभा असतो. सूनबाईने यासाठी तोंडावर चढवायचा मुखवटा आणला होता. मालकांनी तो नवा आहे म्हणून डब्यात जपून ठेवला होता. तेल काढायचं काम ते दुसऱ्या कुणाला देत नसत. तीस वर्षं ते नुसत्या कानाच्या अंदाजाने तेल काढत आले होते.

त्या दिवशी साडेतीन वाजत आले होते. नेमकी चुऱ्याची जुनी वेळ. मी गाडी घेऊन मागच्या आळीत शिरलो होतो. वारा शेडवरून आळीकडे वाहत होता, लाल फडकं आमच्याच डोक्याच्या दिशेने ताठ उडत होतं.

मालकांनी तोटी बंद करायला फिरवली आणि तिचा दांडा नुसताच हातात फिरू लागला. आतले आटे गेले होते. तेल संपलं, फेस आला, आणि मग फेसही संपला.

घंटा वाजली. पूर्वीसारखी सावकाश नाही, कुणी दोरीला लोंबकळावं तशी.

पूर्ण आळी जागच्या जागी थांबली. शिंप्याचं मशीन थांबलं. कुंभाराची बायको दारात आली आणि तिच्या हातात, देवाशपथ सांगतो, बादली होती. शेजारणीच्या हातात डबा होता. साडेतीन, आणि घंटा. मी बघितलं, कुंभारणीचा एक पाय उंबऱ्याबाहेर फाटकाच्या दिशेने पडला.  आयुष्यभर बोललो आणि त्या घटकेला जीभ टाळूला चिकटली.

मग तिने बादली खाली ठेवली. मान वर केली आणि लाल फडकं बघितलं.

"वारा इकडे आहे," ती म्हणाली. ओरडली नाही, भाजी जळतेय असं सांगावं तसं म्हणाली. आणि आत जाऊन मूल घेऊन आली.

त्यानंतर आळी चालू लागली. फडकी भिजली, म्हातारी माणसं धरली गेली. बहिरीला तिच्या शेजारणीने दंडाला धरून ओढलं. बहिरी शिव्या घालत होती आणि चालत होती. मी आणि शिंप्याने त्याच्या बापाला अंथरुणासकट उचललं आणि हातगाडीवर, चुऱ्यावरच्या गोणपाटावर घातलं. तोवर वास आला होता. डोळ्यांत मिरची भरल्यासारखं झालं. आम्ही वाऱ्याला आडवे जात कुंभाराच्या भट्टीला वळसा घातला आणि वावराकडे निघालो. तुम्ही म्हणाल गाडी ढकलताना माझी छाती फुटली असेल. छातीचं माहीत नाही. म्हातारा मात्र सगळ्या वाटेने पाठ गार पडल्याची तक्रार करत होता.

वावरात पोचलो तेव्हा फाटक समोर दिसत होतं. वारा आमच्याकडून फाटकाकडे, फाटकाकडून शेडकडे. मालक घंटेच्या खांबाला पाठ लावून खाली बसले होते. डोळे मिटलेले, तोंडातून लाळ, दोरी अजून मुठीत. घंटा त्यांनीच वाजवली होती. त्यांच्या शेजारी सूनबाई गुडघ्यावर बसून मुखवट्याचे पट्टे आवळत होती. मग ती उठली, पाण्याची नळी ओढत घेतली आणि शेडमध्ये शिरली. मुख्य तोटी मशीनच्या खोलीच्या पलीकडच्या भिंतीला आहे, हे मला माहीत होतं. बंद करायची तर त्या गॅसमधून पलीकडे जावं लागतं.

दारात पांढरं धुकं दाटलं होतं. तिचा पाय त्यात गेला, पाठ गेली, आणि मग नळी तेवढी सरकताना दिसत राहिली.

 वावरात शिंपी माणसं मोजत होता, बावीस घरं, खडूने लिहिलेली. सगळी होती. फक्त वस्तीच्या पुढच्या अंगाचं एक माणूस कमी होतं. आणि तेव्हा मला ती दिसली. पातेलीआजी, पातेलं कमरेवर घेऊन, सरळ फाटकाकडे निघालेली.

मी हाका मारल्या. तिने वळून बघितलं नाही. मी धावत सुटलो, पण ऐंशी वर्षांच्या बाईला गाठायला माझे सत्तर वर्षांचे पाय पुरेनात. मनात एकच येत होतं, की सूनबाईची सगळी मेहनत या एका पातेल्यात बुडाली. आजी फाटकात पोचली. मालकांसमोर उभी राहिली. पातेलं कमरेवरून काढलं आणि त्यातलं पाणी मालकांच्या तोंडावर ओतलं.

पातेलं काठोकाठ भरलेलं होतं. तिने ते अर्धं ओतलं, मग ओंजळीने त्यांचे डोळे धुतले, मग कमरेला खोचलेलं ओलं फडकं त्यांच्या नाकावर दाबलं. मी पोचलो तोवर ती मालकांना बखोटीला धरून उठवायला बघत होती.

"आजी, इथे यायचं नाही असं सांगितलं होतं ना," मी धापा टाकत म्हणालो.

"माहीत आहे," ती म्हणाली. "घंटा वाजली की हे पातेलं घेतल्याशिवाय पाय हलत नाहीत. म्हटलं, न्यायचंच आहे तर भरून न्यावं. धर त्याला, बघत काय बसलास."

आम्ही मालकांना दोन्हीकडून धरून वडाखाली आणलं. नळी सरकायची थांबली होती. मी त्या नळीकडे बघत राहिलो. किती वेळ ते विचारू नका, मी खोटं सांगेन. माझ्या हिशेबाने पावसाळा येऊन गेला. मग नळी उलटी सरकली, आणि धुक्यातून सूनबाई मागे मागे येत बाहेर आली. अंगावरून पाणी गळत होतं, उजव्या हाताची कातडी लाल झाली होती. तिने मुखवटा काढला आणि पहिल्यांदा वावराकडे बघितलं. ओठ हलत होते. ती माणसं मोजत होती.

शिंप्याने दुरूनच दोन्ही हात वर करून दाखवले, की सगळे आहेत.

तेव्हा ती खाली बसली.

मालकांचे डोळे आठ दिवस सुजलेले राहिले, पण वाचले. डॉक्टर म्हणाले, लगेच पाणी मारलं म्हणून. तिचा हातही भरून आला. बाकी गावात कुणाला खोकल्यापलीकडे काही झालं नाही. पण गोष्ट इथे संपत नाही, कारण साखऱ्या जिवंत होता.

त्याने वर तक्रार केली. चौथ्या दिवशी तपासणीचे साहेब आले, सोबत कुलूप, लाख आणि छापील कागद. त्यांच्या मागोमाग डेअरीचा खरेदीवाला आला. त्याला साखऱ्यानेच बोलावलं होतं, कारखान्याला कुलूप लागताना डोळ्यांनी बघायला. साखऱ्या रस्तावाल्यांचा दरांचा कागद खिशात घेऊन फाटकाशी उभा होता. मालक डोळ्यांवर पट्टी बांधून खुर्चीवर बसले होते आणि एका हाताने खिसा चाचपत होते. त्या खिशात सहीचा कागद होता, हे सूनबाईला माहीत होतं आणि मलाही.

साहेबांनी शेड बघितली, तुटलेली तोटी बघितली. सूनबाईने काही झाकलं नाही. तोटी जुनी होती, बदलायला हवी होती, मुखवटा डब्यात होता, सगळं सांगितलं. साहेब लिहीत गेले. जितकं लिहीत गेले तितका साखऱ्या गोड दिसू लागला.

मग साहेबांनी विचारलं, किती माणसं दवाखान्यात न्यावी लागली. एक, ती म्हणाली, आणि सासऱ्यांकडे बोट केलं. साहेबांनी लेखणी थांबवली. बावीस घरं भिंतीला लागून आणि दवाखान्यात एक, हे त्यांच्या हिशेबात बसेना. त्यांनी दोनदा विचारलं. तिने सोमवारचं, फडक्याचं, गाडीचं सांगितलं. साखऱ्या हसला. म्हणाला, साहेब, ही शिकवलेली पोपटपंची आहे, गावातले लोक कसले नियम पाळतात.

साहेब तसे कमी बोलणारे. ते उठले, खांबाजवळ गेले आणि कुणाला न विचारता दोरी ओढली.

सूनबाईने डोळे मिटले. मी गाडीचा दांडा घट्ट धरला. ना सोमवार होता, ना साडेतीन. सकाळचे साडेदहा, लोक शेतात, बायका चुलीपाशी. आजवर घंटा या वेळी कधी वाजलीच नव्हती.

आधी दारं वाजली. मग मागच्या आळीतून पावलांचा आवाज आला, धावण्याचा नव्हे, भराभर चालण्याचा. फडकी नाकाला लावलेली, तोंडं वर, लाल फडक्याकडे. त्या दिवशी वारा उलटा होता, आळीकडून फाटकाकडे. त्यामुळे लोक वडाकडे आले नाहीत. वळले आणि पलीकडच्या तळ्याच्या दिशेने गेले. आमच्या डोळ्यांदेखत गाव रिकामं झालं. शेतातली माणसंही बांधावरून तिकडेच वळली. शिंप्याने बापाला पाठीवर घेतलं होतं, गाडीचा गारवा त्याला पुन्हा नको होता.

अंगणात उरलो आम्ही सहा जण. आणि सातवी येत होती, पातेलं घेऊन.

पातेलीआजी आली, तिने सगळ्यांकडे बघितलं, आणि साखऱ्याला वगळून साहेबांसमोर उभी राहिली.

"रुमाल काढ," ती म्हणाली.

साहेबांनी काढला. तिने तो पातेल्यात बुडवला, पिळला, साहेबांच्या नाकावर दाबला आणि त्यांच्या मनगटाला धरून त्यांना तळ्याच्या दिशेने ओढू लागली. साहेब सांगत होते की आजी, हे खरं नाही, मीच वाजवली. आजी म्हणाली, ते तळ्यावर गेल्यावर सांग. साहेब गेले. मागे वळून त्यांनी डेअरीवाल्याला खूण केली, तसा तोही गेला.

अर्ध्या तासाने ते परत आले तेव्हा साहेबांच्या मिशीतून पाणी ठिबकत होतं. त्यांनी तोटी बदलून होईपर्यंत मशीन बंद ठेवायला सांगितलं, चार दिवस. कुलूप पिशवीतून बाहेर काढलंच नाही. मग साखऱ्याकडे वळून विचारलं, की रस्त्यावरच्या नव्या कारखान्याला लागून किती घरं आहेत.

साखऱ्या म्हणाला, असतील चाळीसेक.

"आणि तुमची घंटा कुठे आहे?"

साखऱ्याची साखर पहिल्यांदा विरघळलेली मी तेव्हा बघितली. साहेब तिथूनच आपल्या गाडीत बसले आणि मोठ्या रस्त्याकडे गेले.

डेअरीवाला मात्र थांबला. तो सूनबाईला म्हणाला, की त्याला बर्फ कुणाचाही चालतो, दोन पैसे इकडेतिकडेही चालतात. पण सकाळी गाडी यावी आणि फाटकाला कुलूप असावं, किंवा गाव फाटकात आडवं बसलेलं असावं, हे त्याला चालत नाही, कारण दूध थांबत नाही. हे गाव तुमच्या फाटकात कधी आडवं बसेल असं मला वाटत नाही, असं म्हणून त्याने मोठ्या रस्त्यावरून भरायची ठरवलेली तिसरी गाडीही तिच्याकडे लावली.

बंद करायचा कागद कोण लिहिणार, हा प्रश्न गावात परत कुणी काढला नाही. उलट स्वस्त बर्फासाठी रस्तावाल्यांकडे गेलेले भाजीवाले, फुलवाले आमच्याकडे परतले. आता शिंपी येणाऱ्या-जाणाऱ्याला कारखाना दाखवतो, जणू त्याच्या आजोबांनी बांधला.

मालकांनी खिशातला कागद काढून चुलीत घातला. चारचौघांत ते आता सांगतात, की घंटेची युक्ती मुळात त्यांचीच, तीस वर्षांपूर्वीची. सूनबाई ऐकते आणि आपल्या कामाला लागते. थापाड्या म्हणून गावाने नाव मात्र मला ठेवलंय.

परवा पहिला सोमवार होता. मालकांनी सूनबाईला विचारून दोरी ओढली आणि घड्याळ धरून उभे राहिले. गाव वडाखाली जमलं, एकही चुकलं नाही. म्हणजे एक सोडून. पातेलीआजी काठोकाठ भरलेलं पातेलं कमरेवर घेऊन फाटकात आली, मालकांना आणि सूनबाईला वरपासून खालपर्यंत बघितलं, दोघं धडधाकट आहेत याची खात्री केली आणि पातेलं मातीत रिकामं केलं.

मग ते तसंच माझ्या गाडीपुढे धरलं.

"झालं ना वाजवून?" ती म्हणाली. "आता भर."